तब्येतीचा हिशेब एकट्याच्या नावावर का?

तपासणीचे रिपोर्ट हातात आले की डॉक्टरांच्या टेबलापलीकडून काय ऐकू येणार, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मीठ कमी करा, गोड टाळा, रोज अर्धा तास चाला, वेळेवर झोपा, टेन्शन घेऊ नका. सल्ला चुकीचा मुळीच नाही. (शेवटच्या वाक्याबद्दल मात्र शंका आहे, ते ऐकून कुणाचं टेन्शन कमी झाल्याचं अजून पाहण्यात नाही.) पेशंट मान डोलावतो, घरी जातो, काही दिवस चालतोही. मग पुन्हा तपासणी होते, आकडे होते तिथेच असतात, आणि कुणी उघड बोललं नाही तरी निकाल लागलेला असतो: या माणसाचा स्वतःच्या जिभेवर ताबा नाही.

हा निकाल मला मान्य नाही. आहार, हालचाल, झोप आणि व्यसनं यांवर पुढच्या तीस-चाळीस वर्षांची तब्येत मोठ्या प्रमाणात ठरते, याबद्दल माझं दुमत नाही. जगात होणाऱ्या दर चार मृत्यूंपैकी जवळपास तीन असंसर्गजन्य आजारांनी होतात. हृदयविकार, कर्करोग, मधुमेह, फुप्फुसांचे जुनाट विकार ही त्यातली मोठी नावं. त्यांतला बराच भाग टाळता येतो किंवा पुढे ढकलता येतो. माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. राहणीमान महत्त्वाचं, राहणीमान ज्याचं त्यानं निवडलेलं, म्हणून आजारपणही ज्याच्या त्याच्या पदरी, अशी जी साखळी आपण बिनदिक्कत जोडतो, तिची मधली कडी कच्ची आहे. आणि ती कच्ची आहे हे कळायला राहणीमानाच्या विरोधकांकडे जावं लागत नाही. राहणीमानाची बाजू मांडणारे ज्या अभ्यासांचा हवाला देतात, तेच नीट वाचले तरी पुरतं.

त्यातला सगळ्यात गाजलेला अभ्यास अमेरिकेतला मधुमेह प्रतिबंधाचा. ३,२३४ माणसं, २७ केंद्रं. सगळ्यांची साखर वाढलेली, पण मधुमेहाच्या रेषेच्या अलीकडची. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. एकाला मधुमेहात देतात ती मेटफॉर्मिनची गोळी, एकाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली प्लासिबो गोळी, आणि तिसऱ्याला गोळी नाही, राहणीमानात बदल. सरासरी २.८ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं आणि २००२ मध्ये निकाल जाहीर झाले. प्लासिबो गटात दरवर्षी शंभरातल्या ११ जणांना मधुमेह झाला. मेटफॉर्मिनच्या गटात ८ जणांना. राहणीमान बदललेल्या गटात ५ जणांना. म्हणजे राहणीमानामुळे धोका ५८ टक्क्यांनी उतरला आणि गोळीमुळे ३१ टक्क्यांनी. तेव्हापासून हा ५८चा आकडा व्याख्यानांतून, पत्रकांतून, दवाखान्यातल्या पोस्टरवरून फिरतो आहे. मनावर घेतलं तर गोळीपेक्षा जास्त साधतं, असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

आता त्या तिसऱ्या गटातल्या माणसाच्या वाट्याला नेमकं काय आलं ते पाहा. त्याला स्वतःचा एक मार्गदर्शक मिळाला. पहिल्या २४ आठवड्यांत या मार्गदर्शकाबरोबर समोरासमोर बसून १६ धडे झाले: पोटात जाणारी चरबी ग्रॅममध्ये कशी मोजायची, बाहेर खाताना काय मागवायचं, मन खट्टू झाल्यावर हात डब्याकडे का जातो, गाडी रुळावरून घसरली तर परत कशी आणायची. रोज काय खाल्लं ते लिहायचं, ठरलेल्या दिवशी वजन करायचं, मार्गदर्शकानं ती वही तपासायची. व्यायामासाठी देखरेखीखालचे वर्ग होते, यायचं त्यानं यावं. एखाद्याचं घोडं कुठे अडलंच तर ते सोडवायला थोडे पैसेही राखून ठेवलेले होते. त्यातून कुणाला पाककृतींचं पुस्तक मिळालं, कुणाला व्यायामाचं साहित्य. सोळा धडे संपल्यावरही भेटीगाठी आणि गटांचे वर्ग चालूच राहिले. उद्दिष्टं दोनच होती, वजन ७ टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं किंवा तेवढ्याच जोराचा व्यायाम.

आणि प्लासिबो गटाला काय मिळालं? छापील माहितीपत्रक, आणि वर्षातून एकदा वीस ते तीस मिनिटं बसवून आरोग्यपूर्ण जगण्याचं महत्त्व समजावून सांगणं.

हे वाक्य सावकाश वाचावं असं आहे. दवाखान्यात तुम्हाआम्हाला जे मिळतं ते, किंबहुना त्याहून थोडं जास्तच, प्लासिबो गटाला मिळालं होतं. नुसता सल्ला मिळालेल्यांच्या तुलनेत भरभक्कम आधार मिळालेल्यांना किती कमी मधुमेह झाला, हे ५८ टक्के सांगतात. अभ्यासाचा निष्कर्ष ‘सल्ला ऐका’ असा नव्हताच. सल्ला दोन्हीकडे होता. फरक पडला तो माणूस, वेळ, वही, पैसा आणि वर्षानुवर्षं चाललेला पाठपुरावा यांनी. आपण मात्र आधार दिलेल्या गटाचा आकडा उचलला, सल्ला दिलेल्या गटाची सेवा लोकांना पुरवली आणि निकाल आला नाही म्हणून लोकांना बोल लावले.

एवढं सगळं पुरवूनही काय झालं, तेही त्याच अहवालात आहे. सोळा धडे संपले तेव्हा निम्म्या माणसांनी वजनाचं उद्दिष्ट गाठलं होतं. शेवटच्या भेटीपर्यंत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आलं. पंधरा वर्षांनी पाहिलं तर मधुमेहातला फरक ५८ वरून २७ टक्क्यांवर आलेला होता. २७ टक्के ही मोठीच कमाई आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण निवडून घेतलेली, प्रयोगात सामील व्हायला राजी असलेली, हाताशी मार्गदर्शक असलेली माणसंही हळूहळू जुन्या वजनाकडे सरकतात. मग चिठ्ठीवरच्या चार ओळी घेऊन घरी गेलेल्या माणसाकडून आपण कशाची अपेक्षा करतो आहोत?

माणसं परत का सरकतात याचं ठरलेलं उत्तर म्हणजे मोह. चवीपुढे कुणाचं चालतं? केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानं या उत्तराची चांगलीच पंचाईत केली आहे. वीस माणसं महिनाभर रुग्णालयातच राहिली. दोन आठवडे त्यांना अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात घटक सुटे करून, पुन्हा जुळवून, रंग-स्वाद-टिकवणूक घालून केलेलं अन्न मिळालं. दोन आठवडे साधं, ओळखू येणाऱ्या जिनसांपासून शिजवलेलं. कुणाला आधी हे, कुणाला आधी ते. दोन्हीकडच्या ताटांत कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू (फायबर) सारखेच मांडलेले. (कारखान्याच्या अन्नात मुळात तंतू इतके कमी की ते भरून काढायला पेयांमध्ये विरघळवून द्यावे लागले.) सूचना एकच: हवं तेवढं खा, नको असेल तर टाका.

अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना माणसांनी रोज सरासरी ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. दोन आठवड्यांत वजन सुमारे ०.९ किलो वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. यात मला सगळ्यात बोलका वाटतो तो एक बारका तपशील. जेवण किती आवडलं हे त्यांना विचारलं होतं, आणि दोन्ही अन्नांना मिळालेले गुण जवळपास सारखेच होते. म्हणजे चवीच्या लालसेनं ती जास्त जेवली असं म्हणायला फारशी जागा उरत नाही. खाण्याचा वेग मात्र वेगळा होता. मऊ, कमी चावावं लागणारं अन्न भराभर पोटात गेलं. प्रयोग लहान होता, मुदत थोडी होती, आणि ‘अतिप्रक्रिया’ ही वर्गवारी इतकी ढगळ आहे की तिच्यात बऱ्यावाईटाची खिचडी होते, हे आक्षेप रास्त आहेत. तरीसुद्धा तीच वीस माणसं, तीच त्यांची इच्छाशक्ती, आणि ताट बदलताच रोजच्या ५०० कॅलरींचा फरक, हे नजरेआड करता येत नाही. साध्या अन्नाचा कच्चा माल चाळीस टक्क्यांच्या आसपास महाग पडला, हीसुद्धा त्याच प्रयोगातली नोंद. शिवाय ते अन्न शिजवायला रुग्णालयाचे आचारी होते. घरी ते कुणीतरी, बहुधा घरातली बाई, दिवसभराचं काम संपवून शिजवते. ‘घरचं खा’ म्हणणाऱ्यांनी त्या तासाचा हिशेब कुठे धरलाय, हे मी अनेक वर्षं शोधतो आहे.

ताटात काय आहे यानं खाणं ठरत असेल, तर बदल ताटातच केला पाहिजे. मिठाचं उदाहरण यासाठी उत्तम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. जगभराची सरासरी त्याच्या दुपटीच्या घरात आहे. चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांत एक मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी पक्षाघात होऊन गेलेली, किंवा साठी ओलांडलेली आणि रक्तदाब असलेली जवळपास २१ हजार माणसं. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ तसंच ठेवलं. उरलेल्या निम्म्या गावांत त्याच्या जागी असं मीठ दिलं की ज्यात एक चतुर्थांश सोडियम क्लोराइड काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं होतं. बाकी स्वयंपाक तोच, हात तोच, अंदाजही तोच. जवळपास पाच वर्षांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूंचं १२ टक्क्यांनी कमी राहिलं. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना असं मीठ चालत नाही, त्यांना अभ्यासातूनही वगळलं होतं. हे सांगून ठेवायलाच हवं. पण उरलेल्यांना डबा बदलण्यापलीकडे मनाशी झगडावं लागलं नाही.

ज्या देशांत मीठ घरच्या डब्यापेक्षा पाकिटातूनच जास्त पोटात जातं, तिथे रस्ता वेगळा. ब्रिटनमध्ये अन्न प्रमाणक संस्थेनं या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांना पदार्थागणिक मिठाची उद्दिष्टं घालून दिली आणि ती टप्प्याटप्प्यानं खाली आणत नेली. एकदम कमी केलं असतं तर लोकांनी ओरड केली असती. थोडं थोडं उतरवल्यावर जिभेला पत्ताही लागला नाही. मोठ्या माणसांच्या पोटात जाणारं रोजचं मीठ दहाएक वर्षांत ९.५ ग्रॅमवरून ८.१ वर आलं. अजून बरंच उतरायला हवं, पण एका माणसाला दीड ग्रॅमनं कुठे काय होतं, असं म्हणून चालणार नाही. कारण इथे हिशेब एका माणसाचा नाही.

हा मुद्दा लंडनचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये अगदी स्वच्छ मांडला. याच माणसाला हा आजार का झाला, हा एक प्रश्न. या समाजात हा आजार एवढा का आहे, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. रक्तदाब खूपच वाढलेली माणसं थोडी असतात आणि थोडासा वाढलेली पुष्कळ. त्यामुळे पक्षाघाताच्या एकूण घटनांतला मोठा वाटा या दुसऱ्या गर्दीतून येतो. त्या गर्दीतल्या कुणालाही दवाखान्यात बोलावून घाबरवण्यासारखं काही नसतं. त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो सगळ्यांचं मीठ थोडं उतरवणारा नियम. यातली अडचणही रोझ यांनी लपवली नाही: समाजाला ज्या उपायाचा भरपूर लाभ होतो, त्यातून एकेकट्याच्या पदरात मात्र फार थोडं पडतं. म्हणून अशा उपायांना टाळ्या मिळत नाहीत. आपला झटका टळला हे कुणालाच कळत नाही, आणि न आलेल्या झटक्याबद्दल कोण कुणाचे आभार मानणार?

हालचालीचीही गोष्ट फार वेगळी नाही. व्यायाम आणि हृदय यांचं नातं पहिल्यांदा ठसठशीत दिसलं ते १९५३ मध्ये, जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास केला तेव्हा. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त. दिवसभरात शेकडो पायऱ्या चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. मुळात सडसडीत माणसंच कंडक्टर होत असतील, ही शंका मॉरिस यांनाही होती. त्यांनी गणवेशाची मापं काढून पाहिली तर ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर तरुण वयापासूनच मोठी निघाली! म्हणजे फरकाचा काही भाग आधीपासूनचा होता. हालचालीचा फायदा पुढच्या शेकडो अभ्यासांनी पक्का केला, तेव्हा तो वाद मिटला. मला त्या कंडक्टरांबद्दल एवढंच म्हणायचंय की त्यांना व्यायाम करा असं कुणी सांगितलं नव्हतं. पायऱ्या त्यांच्या पगारात होत्या. कामातल्या त्या पायऱ्या आता बहुतेकांच्या वाट्याला येत नाहीत, आणि गेलेली हालचाल आठवड्याची १५० ते ३०० मिनिटं म्हणून कामाच्या वेळेबाहेर, आपल्या खर्चानं भरून काढायला सांगितलं जातं. त्यासाठी सुरक्षित पदपथ लागतो, उजेड लागतो, अंगात त्राण उरलेलं असावं लागतं.

झोपेचं तर विचारूच नका. रात्रपाळीचं काम ‘माणसात कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या वर्गात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. रात्रपाळी करणाऱ्या नर्सला, पहारेकऱ्याला, मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरला ‘वेळेवर झोपा’ सांगणाऱ्याला आपण कुणाशी बोलतोय याचं भान नाही. पाळ्या कशा लावायच्या, दोन पाळ्यांमध्ये किती तास मोकळे ठेवायचे, हे त्या माणसाच्या हातात नसतं. ज्याच्या हातात असतं त्याला कुणी आरोग्याचा सल्ला देत नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो स्वातंत्र्याचा. सरकारनं माझ्या ताटात का डोकवावं? आक्षेप हलका नाही. सरकारं आरोग्याच्या नावाखाली माणसांच्या खासगी आयुष्यात नको तेवढं नाक खुपसू शकतात. पण ताटात कुणीच डोकावत नाही असं सध्याही नाही. पावात किती मीठ, पेयात किती साखर, दुकानात काय डोळ्यांसमोर आणि काय खालच्या फळीवर, लहान मुलांच्या कार्यक्रमाच्या मध्ये कसली जाहिरात, हे कुणीतरी ठरवलेलंच असतं, आणि ठरवताना तुम्हाआम्हाला विचारलेलं नसतं. डेन्मार्कनं २००३ मध्ये अन्नातल्या कारखानी ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीवर, कायद्यानं मर्यादा घातली, १०० ग्रॅम चरबीत २ ग्रॅम. त्यामुळे कुणाचं कुठलं स्वातंत्र्य गेलं? ट्रान्स फॅट मला हवंच, असं म्हणणारा ग्राहक कुणी पाहिलाय? ते पदार्थात होतं कारण ते स्वस्त होतं आणि माल टिकायचा.

फिनलंडच्या उत्तर कारेलियाची गोष्ट या आक्षेपाला जास्त चांगलं उत्तर देते, असं मला वाटतं. १९७०च्या सुमाराला तिथल्या पुरुषांमध्ये हृदयविकारानं होणारे मृत्यू जगात सर्वाधिकांपैकी होते. चाळिशी-पन्नाशीतले कर्ते पुरुष जात होते. १९७१ मध्ये तिथल्या लोकांच्या प्रतिनिधींनीच सरकारकडे अर्ज केला की काहीतरी करा. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला, आणि तो दवाखान्यात थांबला नाही. गावच्या महिला संघटनांनी घरोघरच्या स्वयंपाकात बदल करून दाखवले, दूध-मांसाच्या कारखान्यांशी चरबी आणि मीठ कमी करण्याची बोलणी झाली, देशात तंबाखूविरोधी कायदा आला. पुढच्या चाळीस वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. शेजारच्या प्रांतांतही ते घटले, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही, असं टीकाकार म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण शेजारी घटण्याचं एक कारण हेही की तेच बदल पुढे देशभर झाले. सरकारनं ताटात डोकावावं, असं तिथे लोकांनीच सांगितलं होतं.

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीचा वाटतो: मग माणसानं स्वतः काही करायचंच नाही का? परिस्थितीवर सगळं ढकलून मोकळं व्हायचं? तसं मी म्हणत नाही. रिचर्ड डॉल यांच्या गटानं ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं पाठपुरावा केला. त्यात तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांचं आयुष्य न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी वाढलेलं दिसलं, पन्नाशीत सोडणाऱ्यांचं सहा वर्षांनी, साठीत सोडणाऱ्यांचंही तीन वर्षांनी. कुठल्याही सरकारी नियमाची वाट न पाहता करण्यासारखी ही गोष्ट आहे, आणि हिच्या जवळपास जाईल असं दुसरं काही मला माहीत नाही. त्याखालोखाल: रक्तदाब मोजून घेणं आणि वाढलेला असेल तर औषध न लाजता घेणं, रोज पाय हलवणं, डाळी-भाज्या-फळं आणि बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळं यांना ताटात जास्त जागा देणं, गोड पेयं सोडणं, दारू जितकी कमी तितकी बरी. यादी कंटाळवाणी आहे. ती तशीच असते, आणि तिच्यात गेल्या तीस वर्षांत फारसा फरक पडलेला नाही. म्हणूनच तिच्यावर धंदा होत नाही.

धंदा होतो तो दुसऱ्याच गोष्टींवर. डबाबंद जीवनसत्त्वं, ‘डिटॉक्स’, रोज नवं ‘सुपरफूड’. यातलं सगळं निरुपद्रवी आहे, फार तर पैसे जातील, असा एक समज आहे. फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक प्रयोग झाला, त्यांतल्या निम्म्यांना बीटा कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या. भाज्या-फळांतून मिळणारं हे द्रव्य कर्करोग रोखेल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला, तो फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढल्याचा. अमेरिकेतला तसाच प्रयोग १९९६ मध्ये याच कारणानं मध्येच थांबवावा लागला. भाजीतलं द्रव्य काढून गोळीत भरलं म्हणजे भाजी खाल्ली असं होत नाही. इच्छाशक्तीचा गजर करणारा समाज या बाजाराला फार सोयीचा असतो. ज्याला आपण कमी पडलो असं सतत वाटतं तो गिऱ्हाईक म्हणून पक्का.

नियम केला की काम झालं, असंही नाही. डेन्मार्कनंच २०११ च्या ऑक्टोबरात संपृक्त चरबीवर, म्हणजे लोणी-मांसात असते तशा चरबीवर, कर बसवला. लोक सीमेपलीकडे जाऊन खरेदी करू लागले, व्यापारी वैतागले, आणि २०१३ उजाडताच तो कर गुंडाळला गेला. याउलट ब्रिटनचा गोड पेयांवरचा कर २०१६ मध्ये जाहीर झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. साखरेच्या प्रमाणानुसार कराच्या पायऱ्या ठेवलेल्या, आणि मध्ये दोन वर्षांची मुदत. त्या मुदतीतच अनेक कंपन्यांनी साखर कमी करून पेयं खालच्या पायरीवर आणली. माझ्या मते धडा सरळ आहे: कर गिऱ्हाइकाला शिक्षा म्हणून लावला की तो पळवाट शोधतो, उत्पादकाला पाककृती बदलायला भाग पाडेल असा रचला तर काम होतं. शिवाय खाण्यावरचा कोणताही कर गरिबाला जास्त टोचतो. त्यातून आलेला पैसा साधं अन्न स्वस्त करायला आणि शाळांतलं जेवण सुधारायला जाणार नसेल, तर तो कर मला तरी समर्थनीय वाटत नाही.

राहता राहिला तो आधार देण्याचा प्रश्न. ज्यांची साखर काठावर आहे त्यांना चिठ्ठीऐवजी मार्गदर्शक देता येतो का? खर्चाचं कारण पुढे केलं जातं. अमेरिकेत पासष्टीपुढच्यांच्या सरकारी विमा योजनेनं २०१८ च्या एप्रिलपासून मधुमेह प्रतिबंधाचा असा कार्यक्रम विम्यात घेतला. धडे देणाऱ्या संस्थांना सहभागींची हजेरी आणि उतरलेलं वजन पाहून पैसे मिळू लागले. कागदावर हेच तर हवं होतं. प्रत्यक्षात नाव नोंदवणारे अपेक्षेपेक्षा फारच थोडे निघाले. कार्यक्रम चालवणाऱ्या संस्था मोजक्या, अनेकांच्या घराजवळ एकही नाही, आणि मिळणाऱ्या पैशांत खर्च निघत नाही म्हणून नव्या संस्था पुढे येईनात. विम्याच्या यादीत नाव घालून थांबलेल्या सरकारला आता वर्ग कुठे भरणार, मार्गदर्शकाचा पगार कोण देणार आणि कामावरून सुटलेला माणूस तिथे किती वाजता पोहोचू शकतो, हे ठरवावं लागेल.